आधी ठोका की आधी कुलूप

पान्याला एकच गोष्ट उमगत नव्हती. ती बाई लिफ्टमध्ये आधी अडकली, की त्यानं लिफ्ट बंद केली म्हणून अडकली? दुपारपासून पोलीस ठाण्याच्या बाकावर तो हेच घोळवत होता आणि दर वेळी उत्तर उलटं येत होतं.

वीस वर्षं हातात पाना घेऊन लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली, म्हणून नाव पडलं पान्या. दोन वर्षांपूर्वी डोक्यात आवाज सुरू झाले. दवाखान्यानं गोळ्या दिल्या आणि बजावलं, गोळीबरोबर दारू चालणार नाही. पान्या नियमाचा पक्का. ज्या दिवशी प्यायचा, त्या दिवशी गोळीला शिवायचा नाही. गोळी नाही म्हणून आवाज वाढला, आवाज दाबायला दारू वाढली. डॉक्टरनं दोन मिनिटं जास्त बोलायची तसदी घेतली असती, तर हा घोळ तेव्हाच निस्तरला असता. पण बाहेर रांग होती.

सकाळी एका इमारतीखालून जाताना त्याला आतून ठोके ऐकू आले. कुणीतरी लिफ्टचं दार बडवत होतं. गच्चीवरच्या यंत्रखोलीची किल्ली कुठे टांगतात ते त्याला ठाऊक होतं. त्यानं वीज बंद केली, खटक्याला स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. माणूस अडकलेला असताना दुसऱ्या कुणी वीज चालू करू नये, म्हणून हीच पद्धत. मग खालून खरोखरच बोंबाबोंब सुरू झाली. ब्रेक सोडून लिफ्ट हातानं उतरवता येते, पण प्यायलेल्यानं ब्रेकला हात लावायचा नाही, हाही नियमच. म्हणून तो यंत्राशेजारी राखण करत बसला. दोन तास. शेवटी लोकांनी कुलूप तोडलं, बाईला बाहेर काढलं आणि पान्याला पोलिसांच्या हवाली केलं.

ताई शर्टाच्या कारखान्यातून तशीच धावत आली होती. बाहीला दोऱ्याचे तुकडे, काखेत दवाखान्याची फाईल.

"साहेब, हा आजारी आहे. याला कोठडीत नका घालू, दवाखान्यात पाठवा."

"बाई, तोंडाला भपकारा येतोय त्याच्या," साहेब म्हणाले. "मघाशीच फोन केला दवाखान्याला. म्हणतात, प्यायलेला घेत नाही, उतरल्यावर आणा."

"आणि व्यसनमुक्तीवाले म्हणतात, डोक्याचा पेशंट घेत नाही. त्यांना मी केला फोन."

"आम्ही मात्र दोन्ही घेतो," कोपऱ्यातला हवालदार म्हणाला. "आमच्याकडे निवड नसते."

साहेबांनी कागद पुढे ओढला. "एक काय ते ठरवा. दारुडा की वेडा? दारू प्यायला म्हणून डोकं फिरलं, की डोकं फिरलं म्हणून प्यायला?"

"तुम्हीच सांगा ना," ताई म्हणाली. "दोन वर्षं मी हेच विचारत हिंडतेय. सगळ्या डॉक्टरांनी हात झटकले."

पान्यानं मान वर केली. साहेबांना पण तेच कळत नव्हतं तर. त्याला जरा धीर आला.

"ताई," तो म्हणाला, "ती बाई आधीच अडकली होती ना?"

ताईनं साहेबांकडे पाहिलं. हो म्हटलं तर हा शांत होईल. नाही म्हटलं तर आत्ता, साहेबांसमोर, गुन्हा कबूल करून मोकळा होईल आणि उद्या कोर्टातून थेट तुरुंगात. पण दोन वर्षं घरात त्याच्याशी खरं बोलणारी ती एकटीच उरली होती.

"नाही रे. लिफ्ट नीट चालली होती. तू बंद केलीस, म्हणून अडकली."

पान्या साहेबांकडे वळला.

"मग लिहा साहेब. मी बंद केली."

"शाबास," साहेब म्हणाले आणि भराभर लिहू लागले. ताईनं फाईल छातीशी घट्ट धरली.

"ती बाई बाहेर आली, हो ना?" पान्यानं विचारलं.

"आली. घरी गेली."

"मग ठोकतंय कोण?"

साहेबांचं पेन थांबलं. "कधी?"

"आत्ता. तुमच्या कपाटात."

साहेबांनी मागे वळून कपाटाकडे पाहिलं. हवालदारानंही पाहिलं. कपाट लोखंडी होतं, फायलींनी गच्च भरलेलं. वळून पाहिल्याचं साहेबांना स्वतःलाच खटकलं असावं.

"उघडा ना," पान्या काकुळतीला आला. "मी प्यायलोय, मला हात लावता येत नाही."

साहेबांनी अर्धवट लिहिलेला कागद बाजूला सारला, नवा घेतला आणि दवाखान्याच्या नावानं चिठ्ठी लिहिली. वास येतो आहे, तरी तपासा. परत पाठवायचा असेल तर कारण लेखी द्या.

"लेखी म्हटलं की घेतात?" ताईनं विचारलं.

"बघू. गुन्हा मात्र राहणार, बाई. तो कागद मी फाडत नाही."

हवालदारानं पान्याला दंडाला धरून उठवलं. ताई दुसऱ्या बाजूनं चालू लागली. दारापर्यंत पान्या मागे वळून कपाटाकडेच बघत होता.