चादरीचं दुसरं टोक

चहा गॅसवर चढवायच्या आधी एक पान, हा चिमणीचा नेम. लाँड्रीच्या साहेबांनी तिला घडी खात्याची मुकादम केलं, तेव्हा निळ्या पुठ्ठ्याचं एक जाडजूड पुस्तक तिच्या हातात ठेवलं होतं. "बाई, माणसं कशी सांभाळायची ते सगळं यात आहे," असं म्हणाले होते. चिमणीने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि मनाशी ठरवलं, रोज एक पान वाचल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. अंगात ताप असो की घरात पाहुणे, पान चुकलं नाही. समजलं किती, ही गोष्ट वेगळी.

आज मात्र एकच ओळ पुन्हापुन्हा वाचूनही डोक्यात शिरेना. काल संध्याकाळी घरी निघताना शिडी म्हणाली होती, "या शनिवारनंतर मी येणार नाही. दुसरी कुणी बघून ठेव."

"झालं का वाचन?" आतून नवऱ्याचा आवाज आला. "इथे पोटात कावळे ओरडतायत."

"अर्धं पान राहिलंय."

"नवऱ्याला चहा कधी द्यावा, ते नाही का लिहिलेलं त्यात?"

"शेवटच्या प्रकरणात असेल," चिमणी म्हणाली, पण तिला हसू आलं नाही.

त्यांच्या लाँड्रीत इस्पितळाच्या चादरी यायच्या. धुऊन, तापलेल्या रुळांमधून दाबून निघाल्या की त्या घडी खात्यात येत. चादरीची घडी एकटीचं काम नव्हे. चार कोपरे चार हातांत घ्यायचे, एक झटका द्यायचा, कडेला कड लावायची आणि मग एकीने चालत येऊन आपले कोपरे दुसरीच्या हाती सोपवायचे. शिडी खात्यात सगळ्यांत उंच, चिमणी सगळ्यांत ठेंगणी. आणि दोघी कामाला लागल्या तेव्हापासून एकमेकींच्या जोडीदारणी. लोक हसायचे, पण त्यांच्या घडीला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. नावं दोघींना खात्यानेच दिलेली. चिमणी म्हटलेलं तिने मुकाट सोसलं. पण एकदा रफूवाल्या काकांनी साबणाचं रिकामं लाकडी खोकं पुढे सरकवून "चढ गं चिमणे, फांदीवर" म्हटलं, तेव्हा तिने ते लाथेने उडवलं होतं, आणि काकांशी आठवडाभर बोलली नव्हती.

मग मुकादमी आली आणि पुस्तक आलं. पुस्तक म्हणालं, प्रमुखाने स्वतः काम करत बसू नये, करवून घ्यावं. चिमणीने चादर सोडली आणि काचेच्या आडोशामागे फिरत्या खुर्चीत जाऊन बसली. शिडीला नवी जोडीदारीण मिळाली. उंच, रुंद खांद्यांची, तिला सगळ्या पैलवान म्हणत. काही दिवस बरे गेले. मग एका सकाळच्या पानात निघालं, जोड्या बदलत राहा, कुणाचंच कुणावाचून अडता कामा नये. चिमणीने रोज जोड्या बदलायला सुरुवात केली. तेव्हापासून शिडीचा चेहरा उतरला. खुर्ची आपल्याला मिळाली ते हिला खुपतंय, असं चिमणीला वाटलं. त्यावरही पुस्तकात उपाय होता. चारचौघांत कौतुक करा. तिने सगळ्यांना गोळा केलं, "आपली शिडी म्हणजे या खात्याचा कणा आहे" असं म्हणून टाळ्या वाजवायला लावल्या. शिडी एक हात कमरेवर ठेवून जमिनीकडे बघत उभी राहिली. त्याच संध्याकाळी तिने शनिवारचं सांगितलं.

"ती गेली तर नव्यांना घडी कोण शिकवणार?" आज सकाळी साहेबांनी विचारलं. "थांबवा तिला, बाई. पुस्तक वाचताय ना?"

"वाचते, साहेब."

दुपारच्या सुट्टीत शिडी कपड्यांच्या गाड्यांपाशी भिंतीला पाठ लावून बसली होती. पाय लांब पसरलेले, डोळे मिटलेले. चिमणी शेजारी टेकली. काय बोलायचं, ते वाटेत जुळवत आली होती. ते सगळं विसरली.

"खुर्चीचा राग आहे ना माझ्यावर? सरळ बोल."

शिडीने एक डोळा उघडला. "कसली खुर्ची? ती गरगर फिरणारी? माझे गुडघे मावत नाहीत तिच्यात. तूच बस बाई."

"मग का चाललीस?"

"पाठ गं. पाठ राहिली नाही माझी. पैलवानाबरोबर जरा सुटका झाली होती, तर तू ती जोडी मोडलीस. आता रोज नवी ठेंगणी, रोज नव्याने वाकायचं. रात्री कूस बदलता येत नाही मला."

"म्हणजे माझ्याबरोबर असताना..."

"नाहीतर काय? चादर तुझ्या छातीशी येते, तीच माझ्या कमरेशी. आपोआप येते होय?"

"इतकी वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"काकांनी खोकं सरकवलं तर आठवडाभर अबोला धरलास त्यांच्याशी. माझ्याशी धरला असतास तर चादरींच्या घड्या कुणी केल्या असत्या? आणि खरं सांगू, तुझ्यासाठी वाकायचं म्हणजे काही वाटायचं नाही. तेव्हा पाठही तरुण होती मेली."

घडी घालताना समोर काय दिसायचं, ते चिमणीला आठवलं. शिडीचा भांग. रोज, प्रत्येक चादरीला, समोर तो सरळ रेघेसारखा भांग. एवढ्या उंच बाईचा भांग आपल्याला दिसतोच कसा, हा विचार तिच्या मनाला कधी शिवला नव्हता. पुस्तकाची कितीतरी पानं झाली होती. त्यांच्याही आधी चादरींचे ढीगच्या ढीग झाले होते. एकातूनही हे तिला समजलं नव्हतं. एकदम तिला फार थकल्यासारखं झालं. इथेच भिंतीला डोकं टेकून पडून राहावं, असं वाटलं.

भोंगा झाला आणि रूळ घरघरायला लागले. चिमणी उठून खात्याच्या मधोमध उभी राहिली. "आत्तापासून जोड्या उंचीप्रमाणे. रोजची अदलाबदल बंद. पैलवान शिडीबरोबर."

"पण ताई, पैलवान आज आलीच नाही," कुणीतरी म्हणालं. "आज शिडीबरोबर कोण?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. चिमणी रफूच्या टेबलापाशी गेली, खाली वाकली आणि धुळीतलं ते खोकं फरफटत बाहेर ओढलं. रफूवाल्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं. सुई हातातच राहिली.

"फांदी मजबूत आहे हो, ताई," ते हळूच म्हणाले. "चढा."

"चिमणीच म्हणा, काका," ती म्हणाली आणि चढली. कान तापले होते. मागे कुणीतरी खुदकन हसलं. तिने हसू दिलं.

चादर आली, गरम, करकरीत. चार कोपरे चार हातांत आले. झटका बसला, तशी शिडी वाकली.

"ताठ उभी राहा."

"सवय आहे गं."

पहिली घडी तिरकी झाली. दोघींनी ती उलगडून पुन्हा घातली.

"पैलवान उद्याही आली नाही तर?" शिडीने विचारलं.

"मी आहे. खोकं आहे."

"आणि तुझी काचेची खोली?"

"तिथे काय, पुस्तक बसेल."

"मग बघू शनिवारचं." शिडी कोपरे घेऊन चालत आली, कारण खोक्यावरच्या चिमणीला हलता येत नव्हतं. अगदी जवळ, समोरासमोर आली. आज भांग दिसत नव्हता. डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली, ओठांवरचा घाम दिसला, भुवयांत शिरलेली पांढऱ्या केसांची रेघ दिसली.

"किती दमलीयस गं तू," चिमणी म्हणाली.

"आत्ता दिसलं?" शिडीने कोपरे तिच्या हातात दिले आणि पुढची चादर ओढली.