मी आडोसा दिला

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. आज कमरेएवढीच उरले आहे, पण एके काळी दोन पुरुष उंच होते. त्या उंचीची गोष्ट सांगायची तर आजही मान वर करवत नाही.

माझ्याआधी इथे नुसतं तारेचं कुंपण होतं आणि पलीकडे अरुंद गल्ली. अलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर खिडकीशी शिवणवाल्या मावशी मशीन चालवत बसायच्या. हात कापडावर, डोळे गल्लीवर. कोण आलं, कोण गेलं, कुणाचं पोर अनवाणी पळालं, सगळं त्यांना ठाऊक. त्यांच्या थोरल्या बहीण आक्का, निवृत्त शिक्षिका, रोज दुपारी तीनला वाचनालयात निघायच्या. त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत मावशींची नजर त्यांच्या पाठीवर असायची.

एकदा रात्री दोन सायकली चोरीला गेल्या. झालं! इमारतीची बैठक बसली आणि उंच भिंतीसाठी पहिला हात वर झाला तो मावशींचाच.

गवंडी हाडाचा कारागीर होता. खिडकीसमोर त्याने एक वीट सोडून एक वीट रचत जाळी ठेवली. म्हणाला, "मावशी, चोर भिंतीला नाही भीत, बघणाऱ्याला भितो. एवढी भोकं तरी राहू द्या."

"नको रे बाबा, त्यातून चोरच आत डोकावतील. बुजव सगळी."

त्याने नाइलाजाने भोकं बुजवली आणि वर काचा रोवल्या. आणि मी? मी काय फुगले होते म्हणून सांगू! येणारेजाणारे म्हणायचे, 'वा, काय भक्कम भिंत आहे!' पुढे घरातून गल्ली दिसेनाशी झाली, तशी पोरं तिथे खेळायची थांबली. गिऱ्हाईक फिरकेना म्हणून भाजीवालीनेही टोपली उचलली. माझ्या पायाशी कचरा साठू लागला. मला वाटायचं, किती शांत झालंय सगळं! ती शांतता मी माझी कर्तबगारी समजत होते. मूर्ख कुठली!

एका दुपारी एक माणूस माझ्या आडोशाला येऊन उभा राहिला. आक्का जवळ येताच त्याने त्यांची पिशवी हिसकली आणि त्यांना ढकललं. आक्का माझ्यावरच आदळल्या, अगदी त्या बुजवलेल्या जाळीखाली. मांडीचं हाड मोडलं. "छबे, धाव गं!" त्या धाकट्या बहिणीला हाका मारत होत्या. आत, चार हातांवर, छबीचं मशीन खडखडत होतं. ती हाक मी अडवली. अर्ध्या तासाने पोस्टमन त्या वाटेने आला, तोवर आक्का माझ्या पायाशी कण्हत पडून होत्या. मित्रांनो, त्या दिवसाची मला फार लाज वाटते.

हाड जुळलं, पण आक्का घराबाहेर पडेनात. "मला नको वाचनालय," एवढंच म्हणायच्या. मावशी एकदा माझ्यासमोर येऊन ढसाढसा रडल्या. "मीच हात वर केला होता गं आक्का, मीच." मग डोळे पुसून त्याच गवंड्याला बोलवायला गेल्या.

"पुन्हा सायकली गेल्या तर?" बैठकीत कुणीतरी विचारलं.

"जाऊ देत. माणूस दिसलं पाहिजे."

गवंडी आला. 'मी सांगितलं होतं' असं एका शब्दाने म्हणाला नाही. त्याने मला कमरेपर्यंत उतरवलं. प्रत्येक घावाबरोबर मला बरंच वाटत होतं. निघालेल्या विटा फेकल्या नाहीत, त्यांचा गल्लीत बाक झाला. शेजारी झाड लावलं. भाजीवाली परतली, पोरंही आली.

आक्का मात्र तीन दिवस फाटकापर्यंत येऊन मागे फिरल्या. चौथ्या दिवशी काठी घेऊन निघाल्या. एक हात माझ्यावर टेकलेला. त्या जागेपाशी येताच पाय थांबले. मला वाटलं, आता फिरतील मागे. खिडकीतलं मशीन बंद झालं होतं.

"छबे, दिसतेय का मी?"

"दिसतेस की! पुढे बघून चाल, पायाशी दगड आहे!"

आक्का हसल्या. दगड काठीने बाजूला सारला आणि कोपऱ्याकडे चालू लागल्या.

मित्रांनो, तुम्ही कधी भिंत बांधाल, तेव्हा पलीकडच्या वाटेने कोण चालतं ते आधी बघा. मला फक्त एवढंच उंच ठेवा, की कुणी हाक मारली तर ती घरात ऐकू जाईल.