गोल पिनेची जागा

"हाही परत ने," काका म्हणाले आणि मदरबोर्डचं खोकं त्यांनी जेवणाच्या टेबलावरून छकूकडे सरकवलं.

छकूनं डोळे मिटून घेतले. पस्तिशी उलटलेली, कॉम्प्युटर जोडून देण्याचं स्वतःचं दुकान चालवणारी बाई. पण काकांच्या घरी ती अजून छकूच होती. आणि हा आठवड्यातला तिसरा बोर्ड होता.

"आता याच्यात काय खोट निघाली?"

"कीबोर्डची गोल पिन कुठं घालायची?"

"काका, ती पिन जगानं कधीच सोडून दिली. गेल्या वर्षी मी काकूला नवा कीबोर्ड आणला, तो कपाटात पडलाय. तो काढा ना."

"तिला जुनाच बरा वाटतो."

काकांची नोकरी पाण्याचे मीटर तपासण्यात गेली होती. माणूस खोट काढल्याशिवाय सही करत नसे. बोर्डाबरोबरची पुस्तिका त्यांनी पेन्सिलीनं खुणा करत वाचली होती. मेमरी किती बसते, पुढे काय वाढवता येईल, याच्याशी मात्र देणंघेणं नाही. विचारायचं ते भलतंच.

गोल पिनेची जागा असलेला चौथा बोर्ड तिनं बाजार पालथा घालून मिळवला. तो बसवून सेटिंग उघडते, तोच काका खुर्ची ओढून शेजारी.

"स्पेसबार दाबला की मशीन सुरू झालं पाहिजे."

"पुढे बटण आहे की."

"यात तशी सोय आहे. पान एकेचाळीस."

होती. तिनं ती चालू केली.

"सुरू होताना वाजलं पाहिजे. मग लिहायचं पान आपोआप उघडायला हवं. पासवर्ड नको."

"कॉम्प्युटर जोडतेय मी, गजराचं घड्याळ नाही," छकू पुटपुटली. वाजणारा चिमुकला भोंगा बोर्डाबरोबर आलाच नव्हता. जुन्या मशीनमधून तो उपटून बसवताना तिचं नख तुटलं.

अखेर सगळं जमलं. तारा बांधायला तिनं मशीन बंद केलं, पडद्याची केबल काढून हातात घेतली आणि टेबलाखाली शिरली. तेवढ्यात काकू आली. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बसली, कीबोर्ड जवळ ओढला.

"झालं का गं?"

"थांब जरा, काकू..."

पण काकूनं स्पेसबार दाबलाही होता. मशीन वाजलं. ती थोडा वेळ मांडीवर हात ठेवून थांबली, मग लिहू लागली. कचेरीत तीस वर्षं टायपिंग केलेली बोटं. खाली बघायची त्यांना कधीच गरज पडली नव्हती.

"वा," ती म्हणाली. "अक्षरं किती ठसठशीत दिसतायत आता."

छकूनं हातातल्या केबलकडे पाहिलं. मग काकांकडे. काकांनी नकारार्थी मान हलवली, अगदी थोडी.

तिनं आवाज न करता केबल जागेवर लावली. पडदा उजळला. त्यावर चार ओळी होत्या, एकही चूक नसलेल्या.

"हो ना," छकू म्हणाली. "नवा बोर्ड आहे."

निघताना काका जिन्यापर्यंत आले.

"कधीपासून?" तिनं हळूच विचारलं.

"दोनेक वर्षं झाली असतील. डॉक्टरकडे एकटीच जाऊन आली. मला अजून सांगितलेलं नाही तिनं."

"मग तुम्ही विचारा ना."

"सांगेल," काका म्हणाले. "तिला वाटेल तेव्हा."

आतला कीबोर्डचा आवाज थांबला.

"छकू, गेलीस का गं? काकांनी फार पिडलं ना तुला? आधीपासूनच हट्टी आहेत ते."

छकूनं काकांकडे पाहिलं. त्यांनी हातानं खूण केली, बोल म्हणून.

"फार," ती म्हणाली. "जीव खाल्ला नुसता."

"माझाही खातात," काकू म्हणाली, आणि पुन्हा लिहू लागली.