हुकुमाच्या जागी चौकट

इसोलीनाने "एक बदाम" म्हटलं, शेजारच्या बेर्ताने पास दिला, आणि समोर बसलेल्या ओर्तेन्सियाने ताडकन बोली ठोकली, "चार बदाम!"

इसोलीना सुखावली. वाल्पाराइसोच्या या ब्रिज क्लबात दोघी बहिणी एकवीस वर्षं एकमेकींच्या भिडू होत्या. थोरल्या ओर्तेन्सियाचा नियमच होता, भिडूचा रंग हातात भरपूर असला तर पहिल्याच बोलीत उंच उडी मारायची, समोरच्यांना तोंड उघडू द्यायचं नाही. म्हणजे तिच्याकडे पाच बदाम तरी असणार.

पहिलं पान पडलं. ब्रिजच्या नियमाप्रमाणे ओर्तेन्सियाने आपली पानं उघडी करून मांडली. बदाम दोनच, दुर्री आणि सत्ती. हुकुमाच्या, म्हणजे बदामाच्या जागी मांडली होती चौकटची पाच पानं, अगदी ऐटीत.



"काय गं ओर्तेन्सिया, डुलकी लागली होती का?" बेर्ता खिदळली.

"आमची नवी पद्धत आहे," इसोलीना घाईने म्हणाली. बोलीपेक्षा तीन हात कमी पडले.

त्या महिन्यात हे तिसऱ्यांदा झालं होतं. शिवाय रविवारी सूपमध्ये मिठाऐवजी साखर पडली होती. टपालवाल्याला ओर्तेन्सियाने मामेभावाच्या नावाने हाक मारली होती. आणि आईचं इसोलीना कधीच विसरली नव्हती. बहात्तराव्या वर्षी आईने पोटच्या पोरीला विचारलं होतं, "बाई, तुम्ही कोण?" ओर्तेन्सियाला येत्या मार्चमध्ये बहात्तरावं लागणार होतं.

घरी परतताना दोघी टेकडीवर चढणाऱ्या दोरगाडीच्या डब्यात बसल्या. शेवटी इसोलीनाला राहवलं नाही. तिने सहज विचारल्यासारखं केलं, "आज वार कोणता गं?"

"मंगळवार." ओर्तेन्सिया भडकली. "आता आईचं नावही विचार! मला वेड लागलंय असं वाटतंय ना तुला?"

इसोलीनाला रडूच कोसळलं. ओर्तेन्सियाने तिच्या हातात आपला रुमाल दिला. मग हळूच म्हणाली, "मलाही तेच वाटतंय. दोन महिने झाले. भीतीने झोप येत नाही मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर खरं झालं असतं."

घरी पोचताच इसोलीनाने अंगातला कोटही न काढता पत्ते बाहेर काढले आणि एक पान बहिणीसमोर धरलं.

"हे काय?"

"बदामाची राणी."

ती चौकटची होती. बदाम काय, चौकट काय, दोन्ही लालच, इसोलीनाच्या मनात आलं. तिने विचारलं, "आकार दिसतोय का तुला?"

"आकार कसला? लाल डाग दिसतो. अंदाजाने सांगते."

"किती दिवस असं दिसतंय?"

ओर्तेन्सिया गोंधळली. "सगळ्यांना या वयात असंच दिसत असेल ना?"

गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तासभर तपासलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, तो काढता येणार होता. डावा मात्र आतून गेला होता, तो परत यायचा नव्हता. हे सांगताना डॉक्टरांनी आवाज खाली आणला.

इसोलीना दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत सुटली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. डॉक्टर बघतच राहिले.

"बाई, मी काय सांगतोय ते कळलं ना तुम्हाला?"

"कळलं हो," ओर्तेन्सिया म्हणाली आणि बहिणीचं मनगट घट्ट धरलं. "नुसता डोळाच गेलाय ना? नक्की? पुन्हा एकदा सांगा."