चिठ्ठीबाईची खालची फळी

अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस बघायचा असेल तर आमच्या वाइनच्या दुकानात या. मालकीणबाईंचे जावईबापू गल्ल्याशेजारी उभे असतात. तीन महिन्यांचा वाइनचा कोर्स करून आले, आणि तेव्हापासून साधं पाणी प्यायचं असलं तरी आधी ग्लासात नाक घालतात. मला मावशी म्हणतात. त्यांच्या डोक्यात माझ्यापेक्षा जास्त पांढरे केस आहेत, पण मावशी मी.

बाकी सगळे मला चिठ्ठीबाई म्हणतात. दुकानातली सगळ्यात खालची फळी माझी. तिथे रोजच्या जेवणाबरोबर घ्यायच्या स्वस्त वाइन असतात आणि प्रत्येक बाटलीखाली माझ्या हातची चिठ्ठी. ‘तळलेल्या माशाबरोबर. आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवा.’ ‘कोंबडी भाजणार असाल तर ही, उकडणार असाल तर शेजारची.’ ‘नुसत्या ऑम्लेटबरोबरही छान लागते. कितीला मिळाली ते पाहुण्यांना सांगू नका.’ एकोणीस वर्षं मी हेच करते आहे आणि माझी फळी कधी धूळ खात पडलेली नाही.

जावईबापूंनी आल्या आल्या वरच्या फळ्यांवर छापील कार्डं लावली. काय तर म्हणे, ‘ओल्या दगडाचा स्पर्श, मागाहून जुनं चामडं, शेवटी जंगलातला पालापाचोळा.’ हा माणूस वाइन विकतो की फाटके बूट, असा प्रश्न पडावा. आमच्याकडे एक नर्स येते, ड्यूटी संपली की थेट. तिने एकदा त्यांना विचारलं की ही कशाबरोबर घेऊ. तर म्हणाले, ही वाइन बदकाचं मांस मागते. तिच्या पिशवीत अंडी होती. ती अंडी घेऊन तशीच घरी गेली.

एवढ्यावर थांबतील तर जावईबापू कसले! माझ्या चिठ्ठ्यांनी दुकानाची शोभा जाते, हे त्यांनी सासूबाईंच्या डोक्यात भरवायला घेतलं. रोज सकाळ-संध्याकाळ. शेवटी मालकीणबाई कंटाळल्या. म्हणाल्या, शनिवारी दुपारी मागच्या खोलीत बसू, एक बाटली उघडू, दोघांनी चाखून सांगा. ज्याला कळतं त्याची अक्षरं दुकानभर लागतील. दुसऱ्याने मागे बसून खोकी फोडायची.

खोकी फोडायला मी घाबरत नाही. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी, एकोणीस वर्षांनंतर, ह्या नाकवाल्याच्या हाताखाली? आणि खरी गोम वेगळीच होती. दोन वर्षांपूर्वी मला ताप आला होता. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. तेव्हापासून मला कशाचाच वास येत नाही. चवीतही खारट-आंबट एवढंच काय ते उरलंय. कॉफी आणि गरम पाणी मला सारखंच. हे मी कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

मग चिठ्ठ्या कशा लिहिता, असं तुम्ही विचाराल. विचारून लिहिते. गिऱ्हाईक परत आलं की मी त्याला धरते. काल काय जेवलात? बाटली संपली की उरली? उरलेली दुसऱ्या दिवशी प्यायलात की सिंकमध्ये ओतलीत? सिंकमध्ये गेली असेल तर चिठ्ठी बदलते. नाक होतं तेव्हाही असंच करायची. ह्यापलीकडे मला वाइनमधलं ओ की ठो कळत नाही, आणि कोर्स करून ज्यांना कळतं त्यांचे दिवे आपण बघतोच आहोत.

शनिवारी मागच्या खोलीत टेबल मांडलं. भाजलेली कोंबडी, पाव, चीज. नेमका तेव्हा आमचा प्लंबर सिंकची गळती काढायला आलेला. माझ्या फळीचं जुनं गिऱ्हाईक. नेलेल्या बाटलीतला घोटभरही ज्याने कधी वाया घालवला नाही, असा माणूस. मालकीणबाईंनी त्यालाही हात धुवायला लावून बसवलं.

बाटली जावईबापूंनी निवडली, त्यांच्या लाडक्या फळीवरची, बुचाची. माझ्या बाटल्यांना फिरवून उघडायची झाकणं असतात, त्यावर त्यांनी एक विनोद केला आणि स्वतःच हसले. मग ओतली, गोल गोल फिरवली, डोळे मिटले. देवघरातही इतका वेळ कोणी डोळे मिटत नाही.

"भिजलेला पुठ्ठा," ते खूश होऊन म्हणाले. "तळघरातली ओल. पोक्त वाइनचं लक्षण आहे हे, सासूबाई."

मी ग्लास उचलला. नाकाशी धरला. काही नाही. घोट घेतला, थोडं आंबट, बस. मग मी ग्लासाचा नाद सोडला आणि प्लंबरकडे बघत बसले. त्याने एक घोट घेतला. लगेच कोंबडीचा मोठा घास घेतला, त्यावर पाव कोंबला, आणि मनगटाने ग्लास ताटापलीकडे सरकवला. मग हळूच पाण्याचा तांब्या ओढला. फुकटची वाइन सोडून पाणी पितोय, आणि तेही हा माणूस!

"ही बाटली बिघडलीय," मी म्हणाले. "बूच खराब निघालं की होतं असं."

जावईबापूंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. मालकीणबाईंनी मात्र ग्लास नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. त्यांनी त्याच वाइनची दुसरी बाटली उघडली. तिच्यातला ग्लास प्लंबरने दोन घोटांत संपवला आणि पुन्हा पुढे केला. प्रत्येक बाटलीला आपलं व्यक्तिमत्त्व असतं, असं काहीतरी जावईबापू पुटपुटत राहिले. पडलो तरी नाक वर.

मालकीणबाईंनी निकाल दिला. सोमवारपासून सगळ्या फळ्या माझ्या. शिवाय नवा माल आला की आधी मी एकटीने चाखायचा, आणि घ्यायचा की नाही ते सांगायचं.

झालं! हात दाखवून अवलक्षण. जी वाइन अजून कोणी प्यायलीच नाही, तिच्याबद्दल मी विचारू कोणाला? ठोकून देता आलं असतं. ओला दगड, जुनं चामडं, कोण पकडणार होतं? पण मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक तो काय राहिला. त्या विचाराचीच मला किळस आली.

"मला वास येत नाही," मी म्हणाले. "दोन वर्षं झाली. चवही गेलीय."

जावईबापूंच्या अंगात जीव आला. फसवणूक, विश्वासघात, सगळे शब्द काढून झाले. मालकीणबाईंनी त्यांना हातानेच गप्प केलं.

"गेल्या वर्षी कपाटामागे उंदीर मेला होता," त्या मला म्हणाल्या. "आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून फिरत होतो, आणि तुम्ही तिथेच खुर्ची टाकून डबा खाल्लात. तीन दिवस. कधी सांगताय तेच बघत होते."

प्लंबरला ठसका लागला. माझा चेहरा तापला.

"मग ठेवलंत कशाला?" मी विचारलं.

"म्हटलं, चिठ्ठ्या चुकायला लागल्या की बघू. अजून लागल्या नाहीत."

आता नव्या मालाची एकेक बाटली दुकानातच उघडतात, गिऱ्हाइकांना घोट घोट देतात, आणि मी त्यांची तोंडं बघते. जावईबापूंना दाराशी उभं केलंय, येणाऱ्याला विचारायला. सोमवारी त्यांनी नर्सला विचारलं, "काल काय जेवलात?" फौजदार चोराला विचारतो तसं. तुम्हाला काय करायचंय, म्हणत ती सरळ माझ्याकडे आली. मी डबा खात बसले होते, हातातला घास तसाच ठेवला.

तिने सांगितलं, लोण्यात परतलेली मशरूम, वर लसूण, खाली टोस्ट. माझ्या फळीवरची पांढरी, गार करून. मशरूम शिजेपर्यंत अर्धी ओट्याशी उभ्यानेच संपली. चिठ्ठीपुरतं एवढं पुष्कळ होतं. तरी मी विचारलं, लसूण मऊ होता की करपवलात? कडेने थोडा करपला, ती म्हणाली, आणि तो लोण्याचा वास अजून माझ्या केसांत आहे बघा. ती सांगत राहिली आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. दोन वर्षं मी अशीच जेवते आहे.