उपरण्याची फुगडी

“अहो, बायकोचं काम घेतलंय ना तुम्ही? मग जरा बायकोसारखं चाला तरी! वरातीच्या घोड्यासारखे काय नाचताय?”

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडले आणि आमच्या ह्यांचा पाय पुन्हा चुकला. अंगणात हे आणि निळोबा गोरा समोरासमोर उभे होते. मध्ये ह्यांचं उपरणं ताणलेलं. एक टोक ह्यांच्या मुठीत, दुसरं निळोबाच्या. लग्नात गाठ मारतात ना, अगदी तसं. फक्त नवरा म्हणजे दाराला डोकं आपटणारा लंगडा फिरंगी, आणि नवरी म्हणजे कसब्यातल्या तांबट आळीचा पन्नाशी उलटलेला मिशाळ तांबट.

“वयनी, हसू नको,” निळोबा म्हणाला. “दत्तोबा चांगला बायको आहे.”

“चांगला आहे तर घेऊन जा तुमच्या मुलखाला,” मी म्हटलं आणि भाकरी उलटली.

निळोबाचं खरं नाव नील्स. आळीला ते झेपेना, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचा निळोबा झाला. स्वीडन नावाचा कुठलासा मुलुख आहे म्हणे. तिथून हा जहाजावर चाकरीला निघाला आणि भटकत भटकत श्रीमंत पेशव्यांच्या तोफखान्यात तोफा ओतायला येऊन टेकला. तोफेला तांबं लागतं आणि तांब्याला तांबट, अशी ह्यांची नि त्याची गाठ पडली. पंधरा वर्षं तो संध्याकाळचा आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. मराठी तिथेच शिकला, त्यामुळे त्याच्या तोंडच्या शिव्या तेवढ्या शुद्ध होत्या. एकदा सांगत होता, आमच्याकडे भर उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही. मी विचारलं, मग तुळशीपुढे दिवा कधी लावता? बिचारा दोन दिवस विचार करत होता.

त्याचा पाय तीन पावसाळ्यांमागे गेला. ओतताना साचा फुटला आणि उकळता रस डाव्या पावलावर आला. पाऊल राहिलं, बोटं गेली. तेव्हापासून तो डावीकडे कलून चालायचा, पण त्याचं त्याला फारसं वाटत नसे. तोफ ओतायला पायाची बोटं कशाला हवीत, असं म्हणायचा.

त्याला वाटायला लागलं ते त्या वर्षीच्या संक्रांतीच्या तोंडावर. मुंबईहून त्याच्याच मुलखाचा एक खलाशी आला आणि निरोप देऊन गेला. शेस्तिन म्हणून एक बाई होती. तरुणपणी हिलाच मागे ठेवून हा निघाला होता. वाट बघून बघून तिने लग्न केलं, आता तो नवरा वारला होता, आणि ती विचारत होती, येतोस का? लग्न करू.

विधवा बाई, आणि आपल्या तोंडाने विचारते! मी आधी तोंडावर पदर घेतला. मग पदराआड मनात म्हटलं, विचारलं तर बिघडलं कुठे? इतक्या वर्षांनीही जिला हा आठवतो, तिने विचारायचं नाही तर कुणी विचारायचं?

मला वाटलं, निळोबा उड्या मारत निघेल. तो तर तोंड पाडून बसला. मुंबईच्या जहाजासाठी पनवेलला जाणारा बैलांचा तांडा परवा निघणार होता. तो चुकला की पुढचं जहाज थेट वर्षाने. आणि हा म्हणतो, जाऊ की नको?

“आता काय झालं?” ह्यांनी विचारलं.

“पोल्स्का,” निळोबा म्हणाला.

पोल्स्का म्हणजे त्यांच्याकडचा जोडीचा नाच. लग्नात नवरा-नवरीने साऱ्या गावापुढे नाचायचा. आधी हातात हात घेऊन शेजारी शेजारी सावकाश चालायचं, जसं काही घाई म्हणून नाहीच. मग एकमेकांना धरून जागच्या जागी फिरायचं, फिरायचं, भोवरा फिरतो तसं. पूर्वी हा आणि शेस्तिन नाचायला लागले की बाकीचे बाजूला होऊन बघत बसायचे म्हणे. आणि आता हे पाऊल.

“गाव हसेल, एवढंच ना?” मी म्हटलं. “हसेल नि घरी जाईल. गावाचं काय घेऊन बसलास!”

“गाव हसू दे, वयनी. शेस्तिन हसणार नाही. ती मला सांभाळेल. म्हाताऱ्या बापाला धरतात, तशी धरेल.” तो पावलाकडे बघत राहिला. “ते मला नको.”

मी आत जाऊन गूळपाणी आणलं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

मग ठरलं असं की दोन दिवस नाचून बघायचं. पाय चालला तर निळोबा तांड्याबरोबर जाणार, नाही तर कायमचा इथेच. पण नाच जोडीचा, आणि पुण्यात फिरंग्याबरोबर नाचायला बाई आणायची कुठून? म्हणून आमचे हे कंबर कसून उभे राहिले. मैत्रीला जागणारा माणूस, अक्कल मागाहून आली तरी चालते.

पहिल्या दिवशी त्यांनी सरळ हात धरले. पण फिरंग्याला शिवल्यावर अंघोळ केल्याशिवाय घरात कसं यायचं? दुपारपर्यंत पौषातल्या गारठ्यात तीनदा विहिरीवर गेले आणि शिंकायला लागले. तेव्हा ही उपरण्याची युक्ती सुचली. हात लागायला नको, अंघोळ नको, आणि जोडी धरल्यासारखी तर दिसते! आपल्या हुशारीवर इतके खूश झाले की मला दोनदा बोलावून दाखवलं.

ठेकाही त्यांना आधी येईना. निळोबा गुणगुणायचा, हे भलतीकडेच पाय टाकायचे. शेवटी वैतागून हे आपल्या ठोक्याच्या जागेवर जाऊन बसले, हंडा पुढे ओढला आणि हातोडी उचलली. “पुन्हा म्हण रे,” म्हणाले. निळोबाने सूर धरला. एक ठोका, मग हंडा जरासा फिरवायचा, मग दुसरा ठोका. ठोका, फिरव, ठोका. ठोका, फिरव, ठोका. जन्मभर हेच तर केलं होतं. निळोबाने टाळीच वाजवली. “हेच! हेच पोल्स्का! तू हंड्याबरोबर नाचतो, दत्तोबा!”

चालण्याचा भाग त्यानंतर झकास जमला. घोडं अडलं ते फिरण्यापाशी. उपरणं ताणून दोघे फिरायला लागले की दोन फेऱ्यांत निळोबाचा डावा पाय दुमडायचा, हे घाबरून उपरणं सैल सोडायचे आणि तो भिंतीला जाऊन थडकायचा.

तर त्या दुसऱ्या दिवशी, मी भाकरी उलटली तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. बाहेर बघते तो उपरणं ह्यांच्या हातात, आणि निळोबा तुळशीवृंदावनाशी पालथा. हे “लागलं का, लागलं का” करत भोवती फिरताहेत, पण हात काही लावत नाहीत. शेजारची सोजरबाई भिंतीवरून डोकं काढून बघते आहे. कसब्यात कुठे काही पडलं की सोजरबाईला आधी कळायचं.

निळोबा उठून बसला. गुडघा फुटला होता, पण त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

“झालं,” तो म्हणाला. “नाही जात मी. तांडेवाल्याला सांग, दत्तोबा.”

आणि तो धडधाकट गडी तोंड फिरवून रडायला लागला.

माझं डोकंच फिरलं. कुणावर रागावले होते देव जाणे. फिरंग्यावर, ह्यांच्यावर, त्या शहाण्या उपरण्यावर. तवा उतरवला, हाताचं पीठ झटकलं आणि अंगणात आले.

“उपरण्याने कधी फुगडी होते का हो?” मी ह्यांना म्हटलं. “जन्मात बघितली नाही कधी? समोरचीचे हात घट्ट धरायचे आणि सगळं अंग मागे टाकायचं. ती आपल्याला धरते, आपण तिला. पाय नुसता टेकवायला असतो. मंगळागौरीला आमची गंगूमावशी एका पायाने अधू होती, ती मला हरवायची! तुम्ही दोघे आपापला भार आपापल्या पायावर घेऊन उभे, वर मध्ये हे फडकं. पडाल नाहीतर काय!”

“म्हणजे कसं?” निळोबाने डोळे पुसत विचारलं.

कसं ते आता दाखवायचं कुणाबरोबर? त्याचा हात मी धरायची नाही. सोजरबाई शेजारीण, पण ती नाचायची नाही, नुसती सांगत फिरायची. राहिले हे.

संसाराला तीस वर्षं झाली होती. दोन मुली सासरी गेल्या होत्या. पण दिवसाउजेडी, चार लोकांच्या देखत, ह्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. लग्नात भटजींनी धरायला लावला तेवढाच, आणि तेव्हा मी झोपेने पेंगत होते. कुणीच धरत नाही. धरला तर आळी महिनाभर चघळते.

मी पदर खोचला आणि दोन्ही हात पुढे केले, एकावर एक आडवे.

“अगं,” हे हळूच म्हणाले, “सोजरबाई बघतायत.”

“बघू दे. धरा.”

ह्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा निळोबाच्या फुटक्या गुडघ्याकडे, आणि धरले. घट्टे पडलेले, तांब्याचा वास येणारे हात. मी पावलं त्यांच्या पावलांशी नेली आणि मागे झुकले. हे ताठच.

“टाका अंग मागे! मी काय सोडते की काय तुम्हाला?”

तेव्हा कुठे हे झुकले. अगं बाई, काय सांगू! त्यांचा सगळा भार माझ्या हातात आला आणि माझा त्यांच्या. निळोबाने गुणगुणायला सुरुवात केली. ठोका, फिरव, ठोका. तुळस फिरली, विहीर फिरली, सोजरबाईचं उघडं तोंड तीनदा समोरून गेलं. माझा अंबाडा सुटला. मी हसत होते, मोठ्याने, वेड्यासारखी, आणि हेही हसत होते. मिशांखाली ह्यांचा एक दात पडलाय हे मला तेव्हा कळलं.

थांबलो तेव्हा दोघांना धाप लागली होती. हात सोडायचे राहूनच गेले.

“तुझे हात असे आहेत होय,” हे म्हणाले. एवढंच.

मी लाजून घरात पळाले आणि तवा पुन्हा चुलीवर ठेवला. खिडकीतून बघते तर ह्यांनी उपरणं तुळशीवर भिरकावलं आणि निळोबाचे दंड धरले. त्यानेही ह्यांचे धरले. “टाक अंग,” हे ओरडले, “मी सोडतो की काय तुला!” निळोबाने डोळे मिटून अंग टाकलं. आणि फिरले दोघे. ते अधू पाऊल फक्त टेकत होतं नि सुटत होतं, आणि तो इतका हलका फिरत होता की माझी भाकरी तव्यावर कोळसा झाली. सोजरबाईने चक्क टाळ्या वाजवल्या. मग भानावर येऊन “काय बाई एकेकाची थेरं!” म्हणाली, पण गेली नाही, शेवटपर्यंत बघितलं.

त्या दिवशी हे बराच वेळ अंघोळीला गेले नाहीत. ओट्यावर निळोबाच्या खांद्यावर हात टाकून बसले होते.

तांड्याबरोबर तो गेला. ह्यांनी त्याच्या होणाऱ्या बायकोसाठी तांब्याची कळशी दिली. वळणावरून त्याने दोन्ही हात आडवे करून मला दाखवले, आणि मी भर रस्त्यात, पदर सावरत, त्याला तसेच दाखवले.

दोन वर्षांनी तोफखान्यातल्या एका माणसाकडून निरोप आला. निळोबा पोचला, लग्न झालं, आणि मथुराबाईंना, म्हणजे मला, सांगा म्हणाला, ‘मी अंग टाकलं. तिने सोडलं नाही.’ निरोप आणणाऱ्याला ह्यातलं काही कळलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. हे नुसते हसले आणि हंडा पुढे ओढला.

ह्याला आता किती वर्षं झाली कोण जाणे. यंदा हे अंथरुणाला खिळले. हातोडी उचलत नाही, पाय धरत नाहीत. काल सकाळी म्हणाले, मला उन्हात अंगणात बसायचंय. भेटायला आलेले जावई काखेत हात घालायला पुढे झाले, तर ह्यांनी मानेनेच नको म्हटलं. मला वाईट वाटलं, आणि लगेच कळलं. म्हाताऱ्या बापाला धरतात तसं ह्यांना नको होतं.

मी समोर उभी राहिले. दोन्ही हात पुढे केले, एकावर एक आडवे.

“टाका अंग,” मी म्हटलं.

ह्यांनी हात धरले. मी मागे झुकले, हे मागे झुकले, आणि उभे राहिले. ठोका, फिरव, ठोका करत आम्ही दारापर्यंत आलो. भिंतीवरून सोजरबाई बघत होती. आता तिचेही सगळे केस पांढरे झालेत.

“अगं, सोजरबाई बघतायत,” हे म्हणाले.

“बघू दे,” मी म्हटलं.