मडक्यात उकळलेलं भूत

जिवल्याच्या अंगणात सारा पाडा जमला होता, आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

झिपरू भगताने जिवल्याच्या उजव्या छातीवर बोटं आपटली. ठप्प. मग डाव्या छातीवर. आवाज रिकाम्या मडक्यासारखा घुमला.

"आयकला?" भगत म्हणाला. "ताडावरच्या भुतान अरदा मानूस पिऊन टाकलाय."

सगळ्यांना पटलं. ताडीचं मडकं किती भरलं ते इथे वाजवूनच बघतात. जिवल्या ताडी उतरवणारा. उंच, काटकुळा, विशीतला. सकाळी झाडाखाली नुसता बसला असताना छातीत कळ आली, आणि तेव्हापासून श्वास पुरेना. त्याची बायको बुधी माझ्याकडे पाणी भरायची. त्या दिवशी आली नाही, म्हणून लेकीला कडेवर घेऊन मी बघायला आले. जिवल्याला बघताच नवऱ्याला निरोप धाडला. तो तारापूरच्या वीज केंद्राच्या बांधकामावर होता. तिथली जीप घेऊन बोईसरहून हंसाबेन डॉक्टरांना आणायला गेला.

तोवर भगताने जिवल्याच्या छातीवर काथ्याची दोरी करकचून आवळली होती. मग मडक्यात पाणी ओतून तो पुटपुटू लागला. विस्तव नसताना पाणी खदखदायला लागलं. माणसं मागे सरकली.

"दोरीला हात नका लावू. जी तोडंल तिच्या पोराच्या अंगात भूत जाईल."

बोलताना त्याने आधी बुधीच्या मांडीवरच्या बाळाकडे बघितलं, मग माझ्या लेकीकडे.

जिवल्याचे ओठ जांभळे पडत चालले होते. मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या.

"बुधी, दोरी सोड गं."

"नको बाय. माजा येकच लेकरू हाय."

मी मडक्यात वाकून बघितलं. तो वास ओळखीचा होता. दिवाळीआधी खोली रंगवताना घमेल्यात चुनकळी भिजवली, तेव्हा पाणी असंच उकळलं होतं.

"भगतबुवा, हे भूत तर मी दिवाळीत भिंतीला फासलं."

कुणी म्हातारी फिसकन हसली. भगत हसला नाही. "लेकीला जप, बाय," एवढंच म्हणाला.

चुना कळला होता, तरी मी आधी लेकीच्या तोंडाकडे बघितलं. लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं, जिवल्याचाच कोयता उचलला आणि दोरी कापली. सगळे माझ्या पोरीकडे बघत राहिले. ती माझा पदर चोखत होती.

जीप आली. हंसाबेननी दोन्ही बाजूंना कान लावला. उजवीकडे श्वास होता, डावीकडे काहीच नाही. गळ्यातली श्वासनळी उजवीकडे ढकलली गेली होती. त्या थांबल्या नाहीत. गळ्याच्या हाडाखाली, बरगड्यांच्या फटीत जाड सुई घातली. फुस्स.

"माज्या मंत्रान निगाला," भगत घाईने म्हणाला.

डॉक्टरांनी सुईला रबरी नळी जोडली आणि तिचं टोक बाटलीतल्या पाण्यात बुडवलं. पाण्यात बुडबुडे आले.

"हिनं बी बाटलीत भूत धरला," शेजारचा सुका कुजबुजला.

"हात लावून बघ," हंसाबेन म्हणाल्या. "आधी माझी बाटली, मग त्याचं मडकं."

बाटली गार होती. मडक्याला लागलेला हात सुकाने झटकन मागे घेतला.

"त्याच्यात चुना आहे, माझ्यात जिवल्याच्या छातीतली हवा. फुप्फुसाला बारीक भोक पडलं. हवा बाहेर निघून बरगड्यांच्या आत कोंडली आणि फुप्फुस मिटलं. म्हणून छाती पोकळ वाजली. आवाज खरा होता रे, भूत खोटं. दोरीने तर उरलेला श्वासही मारला असता."

जिवल्याच्या ओठांचा रंग परतत होता. पालघरच्या इस्पितळात न्यायला त्याला जीपमध्ये निजवलं, तेव्हा सकाळपासूनचं पहिलं सबंध वाक्य तो बोलला. "बुधे, मडका ताडालाच रायला."

भगताच्या मडक्यातल्या चुन्याने पुढे बुधीने घराची भिंत पांढरी केली. भगत मात्र त्या गडबडीत निसटला होता. परवा कुणी सांगितलं, वाणगावला दिसला. काखेत नवं मडकं होतं.

तो तुमच्याकडे आला तर आयांनो, पोराला उराशी धरा, पण घाबरू नका. कुणाचा श्वास अडला तर छातीला कान लावा. एका बाजूला काही ऐकू आलं नाही, तर दोरी शोधू नका. गाडी शोधा.